वाचनीयता आणि विश्वास : कार्यप्रणालींच्या वादाची एक चिकित्सा

संगणकाच्या ज्या मूलभूत आज्ञावलीस ऑपरेटिंग सिस्टिम किंवा मराठीत कार्यप्रणाली म्हणतात, तिच्या निरनिराळ्या प्रकारांपैकी अधिक सुरक्षित कोणता, हा वाद गेली तीस वर्षे तरी अखंड चालू आहे. एका पक्षाचे म्हणणे असे की, लिनक्ससारख्या प्रणालीची मूळ आज्ञावली कोणासही वाचावयास मिळते, सबब तीच विश्वासार्ह. दुसऱ्या पक्षाचे म्हणणे असे की, विंडोजसारख्या प्रणालीमागे एक जबाबदार कंपनी उभी असते, दोष सापडला की तो दुरुस्त करणे तिला भाग पडते, सबब विश्वास ठेवावयाचा तो तिच्यावर. या वादाचे वाङ्मय विपुल आहे. त्यातील बरेचसे अभिनिवेशाने लिहिलेले असल्यामुळे त्याची दखल घेण्याचे प्रयोजन नाही. परंतु दोन्ही पक्षांच्या जाणत्या लेखकांकडूनही एक गल्लत सातत्याने होते, आणि तिचे मूळ तंत्रापेक्षा शब्दार्थात आहे. म्हणून भाषा-साहित्याच्या अभ्यासकाने ती तपासावयास हरकत नसावी.

'सुरक्षित' हे विशेषण वस्तूचे आहे. कुलूप भक्कम आहे की नाही, हे कुलूप तपासून सांगता येते. 'विश्वासार्ह' हे विशेषण व्याकरणदृष्ट्या वस्तूस लागले तरी अर्थतः ते व्यक्तीकडे वळते. कुलूप करणाऱ्याने एक किल्ली स्वतःजवळ ठेवून घेतली आहे काय, हा प्रश्न कुलपाच्या पोलादाची जाडी मोजून सुटत नाही. मुक्त आज्ञावलीचे समर्थक पहिल्या प्रश्नाचे उत्तर देऊन दुसरा सुटला असे मानतात. कंपनीचे समर्थक दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर प्रतिष्ठेच्या आधारे देऊन पहिला विचारूच देत नाहीत. वाद निष्फळ होतो तो यामुळे.

अशा प्रकारचे लेखन सहसा लवकर शिळे होते. त्यास एक ठळक अपवाद आहे, तो म्हणजे केन थॉम्प्सन यांचे 'रिफ्लेक्शन्स ऑन ट्रस्टिंग ट्रस्ट' हे भाषण. युनिक्स प्रणालीच्या निर्मितीबद्दल थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांना १९८३ चे ट्युरिंग पारितोषिक मिळाले. त्या निमित्ताने दिलेले हे भाषण 'कम्युनिकेशन्स ऑफ द एसीएम'च्या ऑगस्ट १९८४ च्या अंकात प्रसिद्ध झाले. ते जेमतेम तीन पानांचे आहे. त्यातील युक्तिवादाच्या पायऱ्या क्रमाने पाहिल्या पाहिजेत, कारण त्याचा हवाला देणारे बहुतेक जण फक्त शेवटच्या पायरीचा उल्लेख करतात.

मनुष्यास वाचता येईल अशा भाषेत लिहिलेली आज्ञावली यंत्र जशीच्या तशी चालवू शकत नाही. तिचे यंत्रभाषेत रूपांतर करणारी जी दुसरी आज्ञावली, तिला कंपायलर म्हणतात. सी भाषेचा कंपायलर स्वतःही सी भाषेतच लिहिलेला असतो. म्हणजे नव्या कंपायलरचे रूपांतर जुना कंपायलर करतो. थॉम्प्सन प्रथम दाखवतात की, स्वतःचीच हुबेहूब प्रत छापणारी आज्ञावली लिहिता येते. नंतर ते दाखवतात की, कंपायलरला एखाद्या चिन्हाचा अर्थ एकदा शिकवला की तो त्याच्या यंत्ररूपात मुरतो, आणि मूळ आज्ञावलीत तो अर्थ पुन्हा कोठेही लिहून ठेवावा लागत नाही. तिसऱ्या पायरीवर या दोन निरुपद्रवी गोष्टींचा संयोग होतो. कंपायलरमध्ये दोन गुप्त कलमे घातली जातात. संगणकात प्रवेश देणाऱ्या 'लॉगिन' या आज्ञावलीचे रूपांतर करताना पहिले कलम तीत चोरदरवाजा बसवते. कंपायलरचेच रूपांतर करावयाची वेळ आली की दुसरे कलम ही दोन्ही कलमे नव्या कंपायलरात उतरवते. एवढे झाल्यावर मूळ आज्ञावलीतून दोन्ही पुसून टाकावयाची. आता लॉगिनचा पाठ शुद्ध, कंपायलरचाही पाठ शुद्ध. अक्षरन् अक्षर वाचले तरी दोष सापडत नाही, आणि चोरदरवाजा मात्र पुढच्या प्रत्येक प्रतीत उतरत राहतो. ही कल्पना मुळात आपली नसून मल्टिक्स प्रणालीच्या अमेरिकी हवाई दलाने केलेल्या परीक्षणात ती आपण वाचली, असे थॉम्प्सन यांनी प्रांजळपणे नमूद केले आहे. ते परीक्षण पॉल कार्गर आणि रॉजर शेल यांनी १९७४ मध्ये लिहिले होते.

जी आज्ञावली सर्वस्वी स्वतः निर्माण केलेली नाही तिच्यावर विश्वास टाकता येत नाही, असा निष्कर्ष थॉम्प्सन काढतात. हा निष्कर्ष आचारसूत्र म्हणून घेतला तर तो निरुपयोगी आहे. सर्वस्वी स्वतःची आज्ञावली कोणापाशीही नसते. खुद्द थॉम्प्सन यांच्यापाशीही नव्हती. आपली आणि परकी यांच्या दरम्यान एक विस्तीर्ण प्रदेश आहे, आणि संगणक वापरणारा प्रत्येक मनुष्य तेथेच वावरतो. त्या प्रदेशात कमी-अधिक विश्वास कशाच्या बळावर ठेवावा, याविषयी भाषणात काहीच मार्गदर्शन नाही. हे त्याचे न्यून होय. परंतु ज्यास सामान्यतः त्याचे न्यून समजले जाते, ते तसे नाही. भाषणाच्या अखेरीस थॉम्प्सन एकाएकी विषय बदलल्यासारखे करून परक्या संगणकांत शिरणाऱ्या तरुणांकडे वळतात, त्यांचे कौतुक करणाऱ्या वृत्तपत्रांना दोष देतात, आणि शेजाऱ्याच्या घरात घुसण्याइतकेच हे कृत्य समाजात निंद्य ठरले पाहिजे असे म्हणतात. अनेक वाचकांना हा भाग ओढून जोडलेल्या शेपटासारखा वाटतो. माझ्या मते तो युक्तिवादाचाच अटळ परिणाम आहे. पाठ वाचून शुद्धाशुद्धतेचा निर्णय होत नाही असे एकदा सिद्ध केल्यावर, निर्णयासाठी लिहिणाऱ्याचे वर्तन आणि समाजाचा धाक याखेरीज दुसरे काय उरते? थॉम्प्सन यांनी तंत्रज्ञांच्या सभेत नीतीचा प्रश्न उपस्थित केला, तो त्यांच्या स्वतःच्या सिद्धतेने त्यांना तेथवर नेले म्हणून.

आता मुक्त पक्षाचे म्हणणे पाहू. त्याचे सर्वांत प्रभावी प्रतिपादन एरिक रेमंड यांच्या 'द कॅथीड्रल अँड द बझार' या १९९७ च्या निबंधात आढळते. वाचणारे डोळे पुरेसे असतील तर कोणताही दोष फार काळ दडून राहत नाही, असे त्यातील प्रसिद्ध विधानाचे तात्पर्य आहे. ते नियम म्हणून उद्धृत केले जाते. वस्तुतः त्यात एक अट आहे आणि ती अट पुरी होते की नाही हे सांगण्याचे कोणतेही साधन निबंधात दिलेले नाही. आज्ञावली वाचनीय असणे आणि ती वाचली जाणे, या भिन्न गोष्टी होत. घरात पोथी असते, सोवळ्यात असते, वर्षातून एकदा तिला गंध-फूलही वाहिले जाते. एवढ्याने ती वाचली गेली असे कोणी म्हणत नाही.

ओपनएसएसएल हा गूढलेखनाचा संग्रह जवळजवळ प्रत्येक लिनक्स-प्रणालीबरोबर येतो. त्यात ३१ डिसेंबर २०११ रोजी एक दोष शिरला आणि तो एप्रिल २०१४ मध्ये उघडकीस आला. 'हार्टब्लीड' या नावाने तो गाजला. दोष अगदी साधा होता. समोरच्याने 'मी इतकी अक्षरे पाठवली आहेत, तेवढी परत पाठवा' असे सांगावयाचे, आणि संगणकाने खरोखर किती आली हे न मोजता तेवढी परत द्यावयाची. अक्षरे कमी पडली की शेजारच्या स्मृतीतील मजकूर, एका वेळी ६४ किलोबाइटपर्यंत, बाहेर जात असे. त्यात परवलीचे शब्द असत, गुप्त किल्ल्याही असत. सव्वादोन वर्षे हा पाठ जगापुढे उघडा पडून होता. ज्या संग्रहावर निम्मे आंतरजाल विसंबून होते, त्याची देखभाल करणारी माणसे मूठभर होती आणि त्यांना मिळणारे द्रव्यसाहाय्य नगण्य होते.

याहून बोधप्रद उदाहरण डेबियनचे आहे, कारण तेथे अवाचन नडले नाही, वाचनच नडले. २००६ मध्ये डेबियनसाठी ओपनएसएसएल सिद्ध करणाऱ्या एका स्वयंसेवकास व्हॅलग्रिंड या तपासणी-साधनाने इशारा दिला की, अमुक ठिकाणी आरंभमूल्य न दिलेली स्मृती वाचली जात आहे. इशारा खोटा नव्हता. स्वयंसेवकाने मूळ कर्त्यांच्या चर्चापीठावर विचारणा केली. हरकत आली नाही. त्याने संबंधित ओळी काढून टाकल्या. त्या ओळींपैकी एकीत सर्व यादृच्छिकतेचा उगम होता. ती गेल्यावर गुप्त किल्ली ठरवण्यास चालू प्रक्रियेचा क्रमांक तेवढा उरला, आणि असे क्रमांक ३२,७६८ च असू शकत. म्हणजे ज्या किल्ल्यांची संख्या कल्पनेपलीकडची असावयास हवी होती, त्या एका यादीत मावू लागल्या. मे २००८ मध्ये लुसियानो बेल्लो यांनी हे उघडकीस आणीपर्यंत वीस महिन्यांच्या आसपास असंख्य संगणकांवर या किल्ल्या तयार होत राहिल्या. पाठचिकित्सेच्या अभ्यासकास हा प्रकार चांगलाच परिचित आहे. हस्तलिखितांचे सर्वांत अधिक नुकसान आळशी लेखनिकाने केलेले नाही. दुर्बोध शब्द चुकीचा समजून तो सद्‌हेतूने 'शुद्ध' करणाऱ्या जाणत्या लेखनिकाने केले आहे.

दुसऱ्या पक्षाची बाजू अधिक थोडक्यात मांडता येते, कारण तेथे वाचावयास फारसे काही नाही. जेथे पाठ झाकलेला असतो तेथे एखादा शब्द जरी बाहेर दिसला तरी त्यावर मोठमोठे तर्क उभारले जातात. १९९९ मध्ये विंडोज एनटीच्या एका सुधारित आवृत्तीत '_एनएसएकी' हे नाव दृष्टीस पडले. एनएसए ही अमेरिकेची गुप्त संदेशांची संस्था. तेव्हा तिच्यासाठी ठेवलेली ही किल्ली असा बोभाटा झाला. निर्यातविषयक नियमांच्या तपासणीशी ते नाव संबंधित आहे, असा खुलासा मायक्रोसॉफ्टने केला. आरोप सिद्ध झाला नाही आणि त्याचे निःशेष निराकरणही झाले नाही. एकाच शब्दावरून कोणत्याही ग्रंथाचा अभिप्राय ठरवता येत नाही, तसेच हे. जानेवारी २००२ मध्ये बिल गेट्स यांनी कंपनीतील सर्वांस परिपत्रक पाठवून नव्या सोयींपेक्षा विश्वासार्हतेस अग्रक्रम देण्यास सांगितले. त्याचा परिणाम झाला, हे प्रामाणिक विरोधकांनीही मान्य केले पाहिजे. विंडोजची बांधणी पुढील वर्षांत पुष्कळ अधिक काटेकोर झाली. २००३ पासून निवडक सरकारांना मूळ आज्ञावली पाहू देण्याची योजनाही कंपनीने सुरू केली. आतिथ्य चांगले, परंतु यजमानाच्या दालनात बसून वाचलेला पाठ आणि आपल्या कचेरीत चालणारी प्रत एकच आहे, हे पाहुण्यास कशाने समजावे? थॉम्प्सन यांच्या भाषणानंतर हा प्रश्न बाजूस सारता येत नाही.

मे २०१७ मधील 'वॉनाक्राय' या आघाताने तर कंपनीची जबाबदारी कोठवर पुरते हेच दाखवून दिले. विंडोजमधील एका दोषाचा उपयोग करण्याचे साधन एनएसएने तयार करून स्वतःजवळ ठेवले होते. ते चोरीस गेले आणि एप्रिल २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दुरुस्ती दिली होती. तथापि ती न बसवलेले संगणक जगभर होते, आणि ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्यसेवेतील रुग्णालये त्यात सापडली. कंपनीने सरकारवर उघड टीका केली, ती योग्यच होती. कंपनी येथे अविश्वासू ठरली नाही. ज्यांचे नाव करारात कोठेही नव्हते अशा तिसऱ्याच पक्षाने पाठातील दोष वाचला होता आणि तो मनात ठेवला होता.

असे असता, वाचनाने निर्णय होत नाही आणि प्रतिष्ठेनेही होत नाही, तर कशाने होतो? थॉम्प्सन यांनी मोकळ्या सोडलेल्या जागेत एक उत्तर पुढे आले, आणि ते पाठचिकित्सकांच्या घरचेच आहे. डेव्हिड व्हीलर यांनी २००५ मध्ये आणि पुढे २००९ च्या प्रबंधात असे प्रतिपादले की, संशयित कंपायलरची मूळ आज्ञावली सर्वस्वी वेगळ्या वंशाच्या दुसऱ्या कंपायलरकडून रूपांतरित करून घ्यावी. त्यातून निघालेल्या कंपायलरकडून तीच आज्ञावली पुन्हा रूपांतरित करावी. आणि अखेरीस मिळालेले यंत्ररूप संशयिताच्या यंत्ररूपाशी अंकन् अंक ताडून पाहावे. प्रक्षेप असेल तर भेद दिसलाच पाहिजे. दुसरा कंपायलर निर्दोष असण्याची अट नाही. पहिल्यातील प्रक्षेपाशी त्याचे संगनमत नसले की पुरे. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात सुखटणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली, तिच्यामागील तत्त्व याहून निराळे नव्हते. उत्तरेकडील आणि दक्षिणेकडील परंपरा परस्परांपासून स्वतंत्र असून जेथे जुळतात, तेथील पाठ जुना. त्यांपैकी कोणतीही एक परंपरा शुद्ध मानण्याची गरज त्या संपादकांस पडली नाही. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला आणि पुढे कोणी त्यात आपली ओवी घुसडू नये म्हणून ताकीदही लिहून ठेवली. ती पाळली गेली की नाही हे ताकीद वाचून कळत नाही. त्यासाठी पुन्हा प्रतीच ताडून पाहाव्या लागतात.

हे तत्त्व व्यवहारात उपयोगी पडते याचा पुरावा व्हीलर यांच्या आधीचा आहे. नोव्हेंबर २००३ मध्ये लिनक्सच्या गाभ्याच्या एका दुय्यम प्रतीत दोन ओळींची भर आढळली. एका तुलनेत बरोबरीचे चिन्ह दोनदा हवे होते, ते एकदाच होते. त्यामुळे वापरकर्ता सर्वाधिकारी आहे काय असे विचारण्याऐवजी ती ओळ त्याला सर्वाधिकारी करून टाकत असे. सराईत वाचकाचीही नजर तेथून सहज घसरली असती. भर पकडली गेली ती दुय्यम प्रत मुख्य प्रतीशी जुळेना म्हणून. डेबियनमध्ये २०१३ पासून जी पुनरुत्पाद्य बांधणीची चळवळ चालली आहे, तिचा हेतूही हाच: एकाच मूळ आज्ञावलीपासून निरनिराळ्या ठिकाणी निरनिराळ्या माणसांनी यंत्ररूप सिद्ध केले तर ते अंकशः सारखेच निघावे. रेमंड यांच्या मोघम विधानापेक्षा या कंटाळवाण्या खटाटोपास मी कितीतरी अधिक मोल देतो.

तरीही ताडून पाहण्यास एक मर्यादा आहे. ज्याच्या हाती मूळ प्रतच सोपवली आहे, त्याने प्रक्षेप केला तर काय? २०२४ च्या 'एक्सझेड' प्रकरणाने हा प्रश्न ऐरणीवर आणला. एक्सझेड ही मजकूर आवळून लहान करणारी एक सामान्य उपयोगाची आज्ञावली. ती अनेक वर्षे एका गृहस्थांनी विनावेतन सांभाळली होती. २०२१ पासून 'जिया तान' हे नाव धारण करणारा कोणी एक त्यांना मदत करू लागला. मदत खरी होती आणि चांगलीही होती. मधल्या काळात इतर काही अनोळखी नावांनी, काम रेंगाळते आहे, दुसऱ्यास अधिकार द्या, अशी कुरकुर सुरू केली. यथाकाल जिया तानास अधिकार मिळाले. फेब्रुवारी २०२४ मध्ये निघालेल्या आवृत्तीत चोरदरवाजा होता. त्याचा मुख्य भाग चाचणीसाठी ठेवलेल्या निरर्थक दिसणाऱ्या दस्तऐवजांत दडवलेला होता, आणि त्यास जागे करणारी ओळ सर्वांस दिसणाऱ्या मूळ संग्रहात नव्हतीच, वितरणासाठी बांधलेल्या गठ्ठ्यात मात्र होती. दूरच्या संगणकात प्रवेश देणाऱ्या व्यवस्थेपर्यंत त्याची पोच होती. डेबियन आणि फेडोरा यांच्या चाचणी-आवृत्त्यांत तो शिरलाही होता. २९ मार्च २०२४ रोजी आंद्रेस फ्रॉइंड यांनी तो जाहीर केला. प्रवेशास सुमारे अर्धा सेकंद अधिक लागतो आहे हे त्यांच्या ध्यानात आले होते, आणि काही आठवड्यांपूर्वी व्हॅलग्रिंडने दिलेला एक चमत्कारिक इशाराही त्यांना आठवला. २००६ मध्ये ज्या साधनाच्या सांगण्यावरून एक भली ओळ कापली गेली, त्याच साधनाच्या सांगण्याकडे या वेळी कोणी तरी थांबून पाहिले. फ्रॉइंड हे मायक्रोसॉफ्टच्या सेवेत होते, ही गोष्ट दोन्ही पक्षांनी आपापल्या सोयीने वापरली. तिचा प्रकृत प्रश्नाशी काही संबंध नाही.

संबंध आहे तो दोन वर्षांहून अधिक काळ चाललेल्या त्या सेवेशी. ज्या गुणांवरून आपण एखाद्यास विश्वासू ठरवतो, म्हणजे नियमितपणा, सौजन्य, निरपेक्ष श्रम, ते सर्व जिया तानापाशी होते. पाठावरून निर्णय होत नाही म्हणून थॉम्प्सन माणसाच्या वर्तनाकडे वळले होते. येथे वर्तनच रचलेले निघाले. एकट्या थकलेल्या माणसाच्या भरवशावर सोपवलेले काम हे या प्रकरणाचे खरे मर्मस्थान होय, आणि त्याची नोंद दोन्ही पक्षांच्या ताळेबंदात कोठेही नसते. कंपनीपाशी निदान वेतनपत्रक असते. परंतु त्या कंपनीच्या प्रणालीतही आज मुक्त आज्ञावलीचे किती भाग आहेत हे पाहिले म्हणजे, असे एकांडे शिलेदार तिच्याही पायाशी उभे असल्याचे दिसते.

आपल्याकडे या वादास स्वदेशीचे एक उपांग फुटले आहे. प्रगत संगणन विकास केंद्राची 'बॉस' ही प्रणाली डेबियनवर आधारलेली आहे. २०२३ मध्ये संरक्षण मंत्रालयाने 'माया' ही प्रणाली स्वीकारण्याचे ठरवल्याचे प्रसिद्ध झाले, ती उबुंटूवर, म्हणजे पर्यायाने डेबियनवरच, आधारलेली. प्रयत्न स्तुत्य आहेत. परंतु प्रणाली स्वदेशी म्हणून विश्वासार्ह, हे म्हणणे मूळ गल्लतीचीच नवी आवृत्ती होय. प्रत आपली आहे, मातृका नाही. त्यामुळे प्रत करताना काय बदलले, ते कोणी वाचले, मूळ संग्रह आणि वितरित गठ्ठा यांची तुलना कोणी केली, आणि ती आपल्या विद्यापीठातील एखाद्या विद्यार्थ्यास पुन्हा करून पाहता येते काय, हे प्रश्न विचारले पाहिजेत. विद्यापीठे प्रणाली निवडताना किंमत विचारतात, क्वचित सुरक्षिततेचे प्रमाणपत्रही मागतात. हे चार प्रश्न विचारलेले माझ्या पाहण्यात नाहीत. संगणकशास्त्राच्या विभागांनी पदव्युत्तर विद्यार्थ्यांस नवी प्रणाली लिहावयास सांगण्याऐवजी बॉसच्या एका आवृत्तीची अशी पाठतपासणी एका सत्रात करावयास सांगितली, तर तिचा उपयोग अधिक होईल.

त्या कामाचा एक नमुना उपलब्ध आहे. ओपनबीएसडी या प्रणालीचे प्रमुख थिओ डी राट यांना डिसेंबर २०१० मध्ये एक खाजगी पत्र आले. सुमारे दहा वर्षांपूर्वी त्यांच्या प्रणालीतील गूढलेखनाच्या भागात अमेरिकी तपास-संस्थेच्या प्रेरणेने चोरदरवाजे ठेवले गेले, असा त्यात आरोप होता. डी राट यांनी ते पत्र जसेच्या तसे सर्वांपुढे ठेवले. बदलांची नोंद नाव-तारखेसह सर्वांस खुली असल्यामुळे त्या काळातील संबंधित भाग शोधून काढून वाचता आला. काही सामान्य दोष सापडले, ते दुरुस्त झाले. आरोपातील चोरदरवाजाचा पुरावा मिळाला नाही. १९९९ मधील त्या एका शब्दाबाबत असा शोध बाहेरच्या कोणासही घेता आला नव्हता.